सिकलसेल आणि आपले विद्यार्थी : शरीराचे दुखणे, बुद्धीचा थकवा



विदर्भातील आपल्या वस्त्यांत 'सिकलसेल' हा शब्द आता कोणाला नवा राहिलेला नाही. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत जवळजवळ प्रत्येक नात्यागोत्यात कोणी ना कोणी या आजाराचा वाहक किंवा ग्रस्त सापडतो. हातपाय दुखतात, रक्त कमी होते, वारंवार दवाखान्यात न्यावे लागते, एवढे सर्वांना माहीत असते. परंतु या आजाराची आणखी एक बाजू आहे आणि तिच्याविषयी आपल्या घरांत, शाळांत व विहारांत फारसे बोलले जात नाही. ती म्हणजे बुद्धीवर येणारा थकवा. मूल पुस्तक उघडून बसते, डोळे ओळींवरून फिरतात, पण मजकूर डोक्यात शिरत नाही. काल पाठ केलेले आज आठवत नाही. बोलता बोलता साधा शब्द सापडत नाही. इंग्रजीत याला 'ब्रेन फॉग' म्हणतात, म्हणजे मेंदूवर धुके पसरल्यासारखी अवस्था. आपल्याकडे मात्र याला सरळ आळस म्हटले जाते. हा गैरसमज दूर व्हावा, तसेच अशा अवस्थेत रोजचे जीवन आणि अभ्यास कसा सांभाळावा याची काही माहिती सभासदांना व विद्यार्थ्यांना मिळावी, एवढ्याच हेतूने हा लेख आम्ही लिहीत आहोत. आम्ही डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय डॉक्टरांनीच करावयाचा असतो, हे आधीच नमूद करतो.

आजार म्हणजे नेमके काय?

आपल्या रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. फुप्फुसातून प्राणवायू घेऊन तो शरीरभर पोहोचविणे हे त्याचे काम. सिकलसेलमध्ये या हिमोग्लोबिनच्या रचनेत जन्मतःच एक बारीकसा फरक असतो. त्यामुळे प्राणवायू कमी झाला की गोल, लवचिक पेशी विळ्याच्या आकाराची व कडक बनते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यापुढील भागाला रक्त मिळत नाही आणि असह्य वेदना सुरू होतात. शिवाय निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही पेशी साधारण १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून अंगात रक्त कायम कमी राहते आणि डोळे पिवळट दिसतात. हा पिवळेपणा पाहून पुष्कळजण रुग्णाला कावीळ उतरविणाऱ्याकडे नेतात. तेथे पैसा जातो आणि वेळही जातो, आजार मात्र होता तेथेच राहतो.

हा आजार स्पर्शाने, उष्ट्याने किंवा एकत्र राहण्याने होत नाही. तो आईवडिलांकडून येतो. दोघांपैकी एकाकडूनच दोष आला तर मूल 'वाहक' होते. दोघांकडून आला तर मूल 'ग्रस्त' होते. वाहकाला बहुधा काही त्रास नसतो. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी मूल ग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के असते. यात पूर्वजन्मीचे पाप, करणी किंवा कोणाचा शाप यांचा काडीचाही संबंध नाही. उलट ज्या प्रदेशांत पिढ्यान् पिढ्या हिवतापाचा जोर होता, तेथे वाहकांना हिवतापापासून काही अंशी संरक्षण मिळाले, म्हणूनच हा दोष तेथील लोकांत टिकून राहिला. आफ्रिका, भूमध्य समुद्राचा परिसर, अरबस्तान आणि मध्य भारत हे सर्व असेच प्रदेश होत.

१९१० साली अमेरिकेतील शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी या पेशींचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळ दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखवून दिले. भारतात निलगिरीच्या आदिवासींत हा आजार असल्याचे १९५२ मध्ये जगापुढे आले.

डोक्यावर धुके का येते?

मेंदू वजनाने शरीराचा लहानसा भाग असला, तरी प्राणवायूची त्याची गरज फार मोठी आहे. शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू वापरतो. रक्तच कमी असेल तर हा पुरवठा ताणला जातो. मग लक्ष लागत नाही, विचार सावकाश होतो, लवकर थकवा येतो. हे पहिले कारण होय.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या तुंबल्यामुळे काही रुग्णांच्या मेंदूत छोट्या छोट्या जागी इजा होते. हात लुळा पडत नाही, तोंड वाकडे होत नाही, त्यामुळे घरात कोणाला पत्ताही लागत नाही. डॉक्टर याला मूक आघात म्हणतात. तो एमआरआय तपासणीतच दिसतो. अशा मुलांना स्मरण, एकाग्रता आणि कामाची आखणी यांत अडचण येऊ शकते. चांगला शिकणारा मुलगा एकाएकी मागे पडू लागला, तर त्याला रागावण्याआधी ही शक्यता डॉक्टरांच्या कानावर घातली पाहिजे.

याखेरीज इतर कारणेही आहेत. रात्रभर दुखल्यामुळे झोप होत नाही. काहींचा झोपेत प्राणवायू कमी होतो. मूल मोठ्याने घोरत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. काही वेदनाशामक औषधांनी सुस्ती येते. पाणी कमी पडले तरी डोके जड होते. सतत आजारपणामुळे मन खचते आणि खचलेले मनही विसराळू होते. फॉलिक ॲसिड किंवा बी-१२ या जीवनसत्त्वांची कमतरता, थायरॉईडचा विकार अशी, उपचाराने सुधारणारी कारणेही सोबत असू शकतात. म्हणून "सिकलसेल आहे, चालायचेच" असे म्हणून गप्प बसू नये, तपासणी करून घ्यावी.

अठरा तासांचा प्रश्न

आता एका नाजूक विषयाकडे वळतो. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत, हे ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. दरवर्षी जयंतीच्या सुमारास अनेक महाविद्यालयांत व विहारांत सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. ही परंपरा अभिमानाची आहे आणि ती चालत राहिली पाहिजे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु याच अठरा तासांची काठी जेव्हा सिकलसेलग्रस्त मुलाच्या पाठीवर पडते, तेव्हा काय होते? "बाबासाहेबांनी कंदिलाखाली अभ्यास केला, तुला दिवा-पंखा असून दोन तास बसवत नाही?" असे बोल आम्ही अनेक घरांत ऐकले आहेत. ते बोलणारे आईबाप वाईट नसतात. मुलाने शिकावे ही त्यांची तळमळ असते. पण ते मूल मुकाट्याने जागरण करते, पाणी पिण्याचे विसरते, थंडीत बसून राहते आणि चौथ्या दिवशी वेदनेने तळमळत दवाखान्यात दाखल होते. परीक्षा बुडते ती बुडतेच, शिवाय आपण समाजाच्या नावाला काळिमा लावला असे त्याला वाटू लागते.

येथे बाबासाहेबांच्याच चरित्राची दुसरी बाजू ध्यानात घ्यावी. उत्तरायुष्यात त्यांना मधुमेह, रक्तदाब आणि पायांच्या तीव्र वेदना यांनी ग्रासले होते. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ त्यांनी याच काळात, १९५१ पासून पुढे काही वर्षे, प्रकृतीच्या अडथळ्यांतून लिहिला. हस्तलिखिताच्या टंकलेखनासाठी त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांची मदत घेतली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली ती आजारी शरीरानेच. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. आजारी माणसाने यातून घ्यावयाचा धडा तासांच्या आकड्याचा नाही. औषधोपचार घेत, इतरांची मदत घेत, पण हातातले काम न सोडता ते पुरे करणे, हा तो धडा आहे. आमच्या मते चार तास मनापासून अभ्यास करून उरलेला वेळ विश्रांती घेणारा आजारी विद्यार्थी हाही बाबासाहेबांचा तितकाच खरा अनुयायी होय.

रोजचा हिशेब

आम्ही बँकेत नोकरी करतो, म्हणून खात्याचाच दाखला देतो. निरोगी माणसाच्या शक्तीच्या खात्यात रोज पुरेशी रक्कम जमा होते. सिकलसेलग्रस्ताच्या खात्यात थोडी जमा होते, आणि तीही रोज सारखी नसते. शिलकीपेक्षा जास्त काढले तर त्याची भरपाई पुढचे चार दिवस करावी लागते. म्हणून सकाळीच शिल्लक पाहावी आणि त्या बेताने खर्च ठरवावा.

एक साधी वही करावी. रोज चार गोष्टी लिहाव्यात : झोप किती झाली, पाणी किती प्यायलो, दुखणे कितपत आहे आणि डोके कोणत्या वेळी ताजे होते. महिनाभरात आपापला ताळा लक्षात येतो. कोणाचे डोके सकाळी सात ते नऊ चांगले चालते, कोणाचे दुपारच्या झोपेनंतर. गणित, इंग्रजी यांसारखे कठीण विषय त्या वेळी घ्यावेत. वह्या उतरविणे, नकाशे काढणे ही कामे जड वेळेसाठी ठेवावीत. हीच वही डॉक्टरांना दाखविली तर त्यांनाही उपयोग होतो.

अभ्यासाला सलग बसू नये. पंचवीस-तीस मिनिटे वाचावे, दहा मिनिटे उठावे, पाणी प्यावे. एका वेळी एकच विषय घ्यावा. वाचलेले पुस्तक मिटून आपल्या शब्दांत दोन-चार मुद्द्यांत लिहावे, किंवा धाकट्या भावंडाला समजावून सांगावे. दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने ते मुद्दे डोळ्यांखालून घालावेत. नुसत्या घोकंपट्टीपेक्षा असे आठवून पाहणे अधिक टिकते. वर्गातील एका मित्राशी आधीच ठरवून ठेवावे, म्हणजे दवाखान्यात असताना त्याच्या वहीवरून टिपणे मिळतात. वेदनेचा झटका येऊन गेल्यावर लगेच पूर्ण अभ्यास सुरू न करता आठवडाभर निम्माच ठेवावा.

स्मरणशक्तीवर जो भार टाकण्याची गरज नाही तो टाकूच नये. आठवड्याच्या सात वारांची खाने असलेली गोळ्यांची डबी मिळते, ती वापरावी. मोबाईलमध्ये गोळीची आणि पाण्याची घंटा लावावी. किल्ली, ओळखपत्र, सिकलसेलचे कार्ड यांची जागा ठरलेली असावी. घर सांभाळणाऱ्या आजारी भगिनींनी दूध किंवा भाजी गॅसवर ठेवताना घड्याळाचा गजर लावावा आणि कामांची यादी स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवावी. यात लाजण्यासारखे काही नाही. बँकेतसुद्धा कोणी व्यवहार तोंडपाठ ठेवीत नाही, लिहूनच ठेवतात.

शरीराची पथ्ये सर्वांना ठाऊक असली तरी पुन्हा सांगतो. मोठ्या माणसाने दिवसाला आठ-दहा ग्लास पाणी प्यावे, उन्हाळ्यात अधिक. एकदम थंड पाण्याने आंघोळ टाळावी, थंडीत ऊबदार कपडे घालावेत. दमछाक होईल असे श्रम टाळावेत. तंबाखू व दारू यांपासून दूर राहावे. डॉक्टरांनी दिलेल्या फॉलिक ॲसिडच्या आणि हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या बरे वाटले म्हणून बंद करू नयेत. हायड्रॉक्सियुरियाने अनेकांचे वेदनांचे झटके कमी होतात, मात्र त्यासाठी ठराविक काळाने रक्ततपासणी करावी लागते. लोहाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, कारण येथे रक्त कमी असण्याचे कारण बहुधा लोहाची कमतरता हे नसते, आणि वारंवार रक्त चढविलेल्यांच्या शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते.

समारंभांच्या वेळीही काळजी घ्यावी. १४ एप्रिलची मिरवणूक आपल्याकडे भर उन्हाळ्यात येते आणि रात्री उशिरापर्यंत चालते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाताना रेल्वेच्या गर्दीत, थंडीत रात्रभर जागरण होते. रुग्णाने जाऊ नये असे आमचे म्हणणे नाही. पाणी, गोळ्या, स्वेटर-शाल व कार्ड सोबत असावे, बरोबर जाणता माणूस असावा आणि दोन दिवस आधी व नंतर विश्रांती घ्यावी.

केव्हा थांबू नये?

पुढील लक्षणे दिसताच घरगुती उपाय करीत न बसता रुग्णालय गाठावे : १०१ अंशांच्या वर ताप, छातीत दुखणे किंवा धाप लागणे, पोटाच्या डाव्या बाजूस एकाएकी फुगवटा व पांढरेफटक पडणे, तोंड वाकडे होणे, एका हातापायाची शक्ती जाणे, बोबडी वळणे, झटके येणे, एकाएकी न दिसणे, किंवा माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागणे. डोक्यावरचे रोजचे धुके आणि अचानक आलेला गोंधळ यांतील फरक घरातील प्रत्येकाला कळला पाहिजे. पहिल्यासाठी विश्रांती आणि नियमित उपचार हवेत, दुसऱ्यासाठी एक मिनिटही दवडता कामा नये. लहान मुलांच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी करून पुढील पक्षाघाताचा धोका आधी ओळखता येतो. तिच्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

शाळा, सवलती आणि संस्था

शिक्षकांना एक नम्र विनंती. या आजारात मूत्रपिंडे लघवी घट्ट करू शकत नाहीत, त्यामुळे मुलाला वारंवार पाणीही लागते आणि वारंवार बाहेरही जावे लागते. त्याला पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी, लघवीला जाण्यास अडवू नये. शिक्षा म्हणून उन्हात उभे करणे किंवा मैदानाला फेऱ्या मारायला लावणे या मुलांच्या जिवावर बेतू शकते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ज्या २१ प्रकारांची नोंद आहे त्यांत सिकलसेल आजार येतो. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के राखीव जागांचा लाभ घेता येतो. लेखी परीक्षेत दर तासामागे किमान वीस मिनिटे जादा वेळ मिळण्याची तरतूद केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. यासाठी अर्ज शाळेमार्फत परीक्षेच्या बराच आधी करावा लागतो. आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नसतो. जादा वेळ घेणे म्हणजे भीक नव्हे. ज्याच्या मेंदूला प्राणवायू कमी पोहोचतो त्याला न्याय्य संधी देण्याचा तो कायद्याचा मार्ग आहे, आणि कायद्याचा मार्ग आपल्याला कोणी शिकविला हे सांगण्याची गरज नाही.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाची सुरुवात झाली. २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट असून ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी त्यात ठरली आहे. परदेशात २०२३ च्या अखेरीस जनुकीय उपचारांनाही मान्यता मिळाली. ते अतिशय महाग आहेत, तरी आशेची दिशा दिसते. आज मात्र आपल्या हाती आहे ती तपासणी. प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणी थोड्याशा रक्तावर होते, आणि पक्के निदान इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या तपासणीने होते.

आपल्या संस्थांनी वधू-वर परिचय मेळाव्यात मुलगा व मुलगी दोघांच्याही तपासणीचा आग्रह धरावा. केवळ मुलीचे कार्ड मागणे हा अन्याय आहे, कारण दोष दोघांकडून येतो. वाहक असणे म्हणजे लग्नास अपात्र असणे नव्हे. दोन वाहकांनी पुढील धोका समजून घेऊन, डॉक्टरांच्या सल्ल्याने निर्णय घ्यावा इतकेच. तसेच अठरा तास अभ्यास उपक्रमात आजारी विद्यार्थ्यांसाठी आपापल्या शक्तीप्रमाणे दोन वा चार तासांचे सत्र ठेवावे, झोपण्यास सतरंजी व पिण्यास पाणी ठेवावे आणि प्रमाणपत्र सर्वांना सारखेच द्यावे. एवढ्याने त्या उपक्रमाचे मोल तसूभरही कमी होणार नाही.

दुसरा बाण

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आपल्याच मलमूत्रात पडून होता आणि तो कोणाच्या उपयोगी पडत नाही म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले, उचलून खाटेवर निजविले आणि नंतर संघाला समज दिली की येथे तुमची आईही नाही आणि बापही नाही, एकमेकांची शुश्रूषा तुम्हीच करावयाची. उपयोगी पडतो म्हणून नव्हे, तर आपला आहे म्हणून आजाऱ्याची सेवा करावी, असा त्याचा आशय आहे.

तथागतांनी आणखी एक दृष्टान्त दिला. बाण लागलेल्या माणसाला लगेच दुसरा बाण लागावा, तसे अजाण माणसाचे होते. शरीराची वेदना हा पहिला बाण आणि तिच्यापायी होणारा मनाचा संताप व शोक हा दुसरा. सिकलसेलचा पहिला बाण आपल्या मुलांना जन्मतःच लागलेला आहे. तो पूर्णपणे काढणे आज आपल्या हाती नाही. परंतु "आळशी", "बिनकामाचा", "समाजाला खाली पाहायला लावणारा" असे शब्द हा दुसरा बाण आहे, आणि तो बहुधा घरातून, शाळेतून, वस्तीतून सुटतो. तो न सोडणे पूर्णपणे आपल्या हाती आहे. यासाठी शासनाची योजना लागत नाही, निधी लागत नाही, डॉक्टरही लागत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमची गती मंद असेल, पण तुमची बुद्धी मंद नाही. धुके असते तेव्हाही रस्ता असतोच. गाडी सावकाश हाकावी लागते, इतकेच. पाणी प्या, गोळी चुकवू नका, झोप पुरी घ्या, मदत मागा, आणि जमेल तितके, पण रोज शिका.

जयभीम! नमो बुद्धाय!